ओढू नका, टेकवा: ठिबकचा आराखडा फोनवर काढताना

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांमध्ये ठिबकचा आराखडा सहसा एकाच माणसाच्या डोक्यात असतो. मेन लाइन कोणत्या बांधाने गेली, तिसऱ्या व्हॉल्व्हखाली किती ओळी येतात, नळ्या धुवायला फ्लश कुठून मारायचा, हे सगळं त्यालाच ठाऊक. तो बाहेरगावी गेला आणि रात्रीच्या पाळीची लाइट आली, की घरचे त्याला फोनवर विचारत विचारत बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह शोधतात. पंपघराच्या भिंतीवर चिकटवलेला कागद एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. म्हणून हल्ली अनेकांना वाटतं, आराखडा फोनवरच काढावा आणि घरच्या ग्रुपवर टाकून द्यावा.

विचार उत्तम आहे, पण एडिटर (आकृती काढायचा प्रोग्रॅम) उघडून पहिली चौकट टाकली की खेळ सुरू होतो. चौकट सरकवायला बोट लावलं तर अख्खा कागद सरकतो. बाण जोडायला जावं तर चौकटच लांबते. ती पुन्हा आखडायला जावं तर शेजारचीच निवडली जाते. थोड्या वेळाने माणूस फोन बाजूला ठेवतो आणि म्हणतो, आपली बोटं जाड, हे काम पोरांचं.

बोटांना बोल लावण्यात अर्थ नाही. डायग्राम काढायचे बहुतेक प्रोग्रॅम माउस हातात धरून घडवले गेले आणि नंतर फोनवर आले. माउसला जमणाऱ्या काही गोष्टी बोटाला मुळातच जमत नाहीत. त्या कोणत्या, हे एकदा समजलं की बोटाकडून काय करून घ्यायचं आणि काय टाळायचं ते ठरवता येतं. माझ्या मते त्याचं सार शीर्षकातच आलं आहे: फोनवर जितकं कमी ओढाल आणि जितकं जास्त टेकवून कराल, तितका आराखडा लवकर आणि नीट होईल. असं का, ते आधी पाहू.

दाबण्याआधीचा निरोप

माउस टेबलावर हलवला तरी बटण दाबेपर्यंत काही घडत नाही. म्हणजे संगणकाला दोन वेगळे निरोप मिळतात. ‘मी इथे आहे’ हा पहिला, ‘मी इथे दाबलं’ हा दुसरा. डायग्राम एडिटरचा जीव पहिल्या निरोपात असतो. बाण चौकटीवर नुसता नेला की कडेला जोडणीचे ठिपके उगवतात. कोपऱ्यापाशी नेला की त्याचं रूप बदलतं आणि कळतं, इथून आकार बदलेल. रेघेजवळ नेला की रेघ उजळते. दाबल्यावर काय होणार हे दाबायच्या आधीच दिसतं.

फोनच्या बोटाला हा पहिला निरोप देताच येत नाही. बोट काचेला लागलं म्हणजे दाबलंच. पूर्वसूचना गेली, आणि तिच्याबरोबर निम्मा एडिटर गेला.

दुसरी गोष्ट बटणांची. माउसला डावं-उजवं बटण आहे, मध्ये चाक आहे, शिवाय दुसरा हात कीबोर्डवर शिफ्ट आणि कंट्रोल धरायला मोकळा असतो. त्यामुळे ‘ओढणे’ या एकाच हालचालीचे कितीतरी अर्थ करता येतात. फोनवर एका बोटाने ओढलं तर प्रोग्रॅमला अंदाज बांधावा लागतो: याला कागद सरकवायचा आहे? चौकट हलवायची आहे? चार चौकटी एकदम निवडायच्या आहेत? बाण काढायचा आहे? की आकार बदलायचा आहे? अंदाजाला आधार दोनच. बोट पहिल्यांदा कुठे पडलं, आणि हलण्याआधी किती वेळ थांबलं.

या अंदाजामागे ठरलेली मोजमापं आहेत. अँड्रॉइडमध्ये टेकवलेलं बोट ८ डीपीपेक्षा कमी हललं तर ते टेकवणं, जास्त हललं तर ओढणं, असं मूळ गणित आहे. एक डीपी म्हणजे इंचाचा एकशेसाठावा भाग, तेव्हा ८ डीपी भरतात जेमतेम सव्वा मिलिमीटर. बोट न हलता साधारण अर्धा सेकंद थांबलं तर ते लांब दाबणं. सकाळपासून छाटणीची कात्री चालवलेल्या हाताला सव्वा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. आपण टेकवलं असं समजतो, फोन समजतो ओढलं, आणि चौकट जागची हलते. पुष्कळदा ते लक्षातही येत नाही. नंतर सगळ्या रेघा किंचित वाकड्या का दिसतात याचं कोडं पडतं.

तिसरी गोष्ट नेमाची. काचेखाली पारदर्शक वाहकांची बारीक जाळी असते. बोट वीजवाहक आहे, त्यामुळे ते जवळ आलं की जाळीच्या त्या भागातली विद्युतधारकता बदलते. किती ठिकाणी किती बदल झाला ते मोजून फोनमधली चिप त्या डागाचा मध्यबिंदू काढते आणि तोच आपला ‘स्पर्श’ धरते. आपण मात्र नखाच्या टोकाने नेम धरतो आणि काचेला लागतो तो बोटाचा मांसल भाग, जो बहुधा त्या टोकाच्या थोडा खाली असतो. शिवाय ज्यावर नेम धरला तेच बोटाखाली झाकलं जातं. ओला हात असेल तर आणखी घोळ, कारण पाण्याचा थेंबही जाळीला बोटासारखा भासू शकतो. आणि फवारणीचे जाड रबरी हातमोजे घातले तर जाळीला बोट बहुधा कळतच नाही. फिल्टर धुता धुता आराखडा दुरुस्त करायला जाऊ नका, एवढाच याचा अर्थ.

एकोणीस मिलिमीटरची चौकट

बटण किती मोठं असावं याचे फोन बनवणाऱ्यांचे दंडक आहेत. अॅपल ४४ पॉइंट सांगते (हा पॉइंट पडद्यावरचा, छपाईतला नव्हे), गूगल ४८ डीपी. काचेवर मोजलं तर दोन्ही साधारण ७ ते ९ मिलिमीटरच्या घरात येतात. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून २०२३ मध्ये जे आंतरराष्ट्रीय निकष सुधारले, त्यांत किमान आकार २४ पिक्सेल ठेवला आहे. पण ती अगदीच तळाची मर्यादा आहे.

आता ड्रॉ.आयओ या मोफत एडिटरचं उदाहरण घेऊ. तो ब्राउझरमध्ये चालतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्यात साधी चौकट टाकली की ती १२० बाय ६० एककांची येते. झूम १०० टक्के असताना फोनवर ती साधारण १९ मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ मिलिमीटर उंच दिसते. तिच्या कडेने आकार बदलायचे आठ ठिपके असतात. डाव्या कडेवरचे तीन ठिपके धरा: वरचा कोपरा, मधला, खालचा कोपरा. एकमेकांपासून पावणेपाच मिलिमीटरवर. आपल्या बोटाला किमान ७ मिलिमीटर लागतात, म्हणजे एका बोटाखाली दोन ठिपके येणार. कोणता लागेल हे नशीब.

झूम २०० टक्के केला की ठिपक्यांचा आकार तितकाच राहतो, पण त्यांच्यातलं अंतर साडेनऊ मिलिमीटर होतं. आता नेम बसतो. म्हणून माझा सोपा नियम: चौकटीच्या कडेला हात लावायचा असेल तर आधी ती स्क्रीनच्या निम्म्याहून जास्त रुंद दिसेपर्यंत मोठी करायची.

उलटा नियमही तितकाच कामाचा. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद, फोनची स्क्रीन साधारण ६५ ते ७०. अख्खा कागद स्क्रीनवर मावला की सगळं एक तृतीयांश झालेलं असतं. कागदावर २ सेंटिमीटरची दिसणारी चौकट तेव्हा बोटापेक्षा लहान असते. तेव्हा पूर्ण आराखडा दिसत असेल तर फक्त बघायचं, हात लावायचा नाही.

मोठं-लहान करणं मात्र बोटांना माउसपेक्षा छान जमतं. दोन बोटांनी एकाच हालचालीत कागद सरकतोही आणि मोठाही होतो. बहुतेक चांगल्या एडिटरमध्ये दोन बोटं म्हणजे कागद हेच ठरलेलं असतं. एकदा सवय झाली की दोन बोटं कागदाला आणि एक बोट वस्तूला अशी वाटणी करून टाकायची. फोन हातात धरून अंगठ्याने काढत बसू नये. अंगठा जास्त रुंद, त्याची पोच कमी, आणि दुसऱ्या बोटाला जागाच नाही. फोन ओट्यावर, टेबलावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, कुठेही सपाट ठेवा आणि तर्जनी वापरा.

ग्रिड, म्हणजे कागदावरची चौकड्यांची जाळी, चालू ठेवणं हा याच हिशेबाचा पुढचा भाग. रांगोळीत आधी ठिपके घातले की रेघ आपोआप ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जाते, हात थोडा हलला तरी बिघडत नाही. ग्रिड तेच करते. ड्रॉ.आयओत ती १० एककांची असते. १०० टक्के झूमवर एक घर १.६ मिलिमीटर भरतं, म्हणजे बोटाच्या नुसत्या थरथरीनेही चौकट एक घर सरकू शकते. २०० टक्क्यांवर तेच घर सव्वातीन मिलिमीटर होतं आणि थरथर त्यात विरून जाते. ग्रिडचं घर २० एककांचं केलं तर आणखी बरं.

हात कच्चा असणार हे गृहीत धरायची कल्पना नवी नाही. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेन टेकवून थेट आकृती काढायची, माउस नाहीच. माणसाने ओबडधोबड रेघ मारायची आणि ‘ही त्या रेघेला समांतर’, ‘हा कोन काटकोन’ असं सांगायचं. नीटनेटकं करण्याचं काम संगणकाचं. आणखी एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. एका हातात पेन, तर दुसऱ्या हाताशी बटणांची पेटी होती. कुठे करायचं ते पेन सांगे, काय करायचं ते बटण सांगे. आपल्या फोनवर पेनच्या जागी बोट आलं, पण ती बटणांची पेटी गायब झाली. ती परत मिळवायची तर एडिटरमधल्या मेन्यू आणि साधनपट्ट्या वापराव्या लागतात, आणि तिथे काम टेकवण्याने होतं, ओढण्याने नाही.

आता बाग

आपल्या आराखड्यात काय काय येतं ते आधी कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून घ्या. विहीर, मोटर, सँड फिल्टर, व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढून घेणारी), डिस्क फिल्टर, मेन लाइन, चार व्हॉल्व्ह, प्रत्येक व्हॉल्व्हची सबमेन (ओळींना पाणी पोचवणारी उपनळी) आणि शेवटचे फ्लश. व्हेंच्युरी डिस्क फिल्टरच्या आधी असते, कारण खतातला न विरघळलेला गाळ फिल्टरमध्ये अडकावा, ड्रिपरमध्ये जाऊ नये. आराखड्यात हाच क्रम चुकतो, म्हणून यादी आधी.

यादी करताना आणखी एक गोष्ट ठरवा: हा जोडणीचा आराखडा आहे की मोजमापाचा नकाशा? जोडणीच्या आराखड्यात कशाला काय जोडलं आहे एवढं बरोबर हवं, अंतरं कशीही चालतात. मोजमापाच्या नकाशात फूट आणि मीटर बरोबर यावे लागतात. फोनवर पहिला करावा. दुसऱ्याचा हट्ट धरला तर बांधाचा प्रत्येक वळसा बोटाने काढत बसावं लागतं आणि शेवटी तो खराही नसतो. दिंडोरीच्या एका नानांनी मला विचारलं, “ताई, सगळ्या नळ्या काढू का?” “नाना, प्रत्येक व्हॉल्व्हखाली एकच काढा आणि शेजारी ओळींचा आकडा लिहा.” एकर चौरस धरला आणि ओळी नऊ फुटांवर असल्या तर एकरात तेवीसेक ओळी होतात. त्या सगळ्या काढून आराखडा वाचणाऱ्याला रात्री दोन वाजता काहीही जास्तीचं कळणार नाही.

मग एडिटरमध्ये पहिली चौकट टाका आणि तिच्यात ‘विहीर’ लिहा. आता दुसरी चौकट बाजूच्या पट्टीतून ओढून आणू नका. पहिली निवडलेली असताना तिच्या चारही बाजूंना छोटे बाण दिसतात. खालच्या बाणावर टेकवलं की खाली नवी चौकट जोडरेघेसकट येते. कधी कधी आधी आकार कोणता हवा ते विचारलं जातं. तिच्यात ‘मोटर’. पुन्हा खालचा बाण, ‘सँड फिल्टर’. अशी डिस्क फिल्टर आणि मेन लाइनपर्यंतची अख्खी साखळी एकदाही न ओढता तयार होते. दिशा खालीच ठेवा, आडवी नको. फोन उभा धरला जातो, आराखडाही उभा असला की बघणाऱ्याला फक्त वर-खाली सरकवावं लागतं.

मेन लाइनपासून चार व्हॉल्व्ह फुटतात तिथे जागा पुरत नाही आणि चौकटी एकमेकींवर चढतात. चढू द्या. सगळ्या जोडून झाल्या की मेन्यूतून ‘अरेंज’, मग ‘लेआउट’, मग उभी मांडणी निवडा. कशाला काय जोडलं आहे ते पाहून प्रोग्रॅम स्वतः चौकटी अंतराअंतरावर लावतो. स्केचपॅडची कल्पना ती हीच, साठ वर्षांनंतर. ही एक सोय माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास चौकटी सरकवत बसतात.

आधीच असलेल्या दोन चौकटी जोडायच्या असतील तर मात्र ओढावं लागतं. तेव्हा रेघ कडेवरच्या बारीक ठिपक्यावर सोडायचा प्रयत्न करू नका, थेट चौकटीच्या पोटात सोडा. ठिपक्यावर सोडलेली रेघ त्याच ठिपक्याला कायमची चिकटते. पोटात सोडलेली रेघ चौकटीला जोडली जाते आणि चौकट हलवली की सोयीच्या बाजूने येऊन लागते. नेम मोठा, फायदाही जास्त.

सगळ्या व्हॉल्व्हच्या चौकटी सारख्या आकाराच्या हव्या असतील तर एक एक ओढून मापात आणू नका. उजवीकडच्या फॉरमॅट पॅनेलमध्ये रुंदी, उंची, डावीकडून अंतर, वरून अंतर हे आकड्यांत लिहिता येतं. आकडा टाइप करायला बोट चालतं, १० एककांनी रुंदी वाढवायला चालत नाही. सगळ्या चौकटी किंवा सगळ्या रेघा एकदम निवडण्याची सोय ‘एडिट’ मेन्यूत आहे. मोकळ्या जागेत बोट ओढून घेराव घालण्यापेक्षा ती बरी.

काही जणांना खाली शेताचा नकाशा हवा असतो, महाभूनकाशा या सरकारी साइटवरून घेतलेला गटाचा किंवा वरून काढलेला उपग्रहाचा फोटो. चालेल, पण तो फोटो वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवून लेयर लॉक करा. नाहीतर दर दुसऱ्या स्पर्शाला हलणार तो फोटोच, कारण स्क्रीनवर सगळ्यात मोठी वस्तू तीच आहे. एखादा भाग मनासारखा झाला की तोही लॉक करायची सवय लावा.

एक्सकॅलिड्रॉ हा दुसरा मोफत एडिटर फोनवर जास्त हलका वाटतो. २०२० साली सुरू झालेला हा एडिटर मुद्दाम हाताने काढल्यासारख्या रेघा काढतो, त्यामुळे थोडं वाकडं झालं तरी खपून जातं. त्यात कागद सरकवायचं हाताचं चिन्ह आणि वस्तू निवडायचं बाणाचं चिन्ह वेगवेगळं आहे. कोणतं चालू आहे याकडे एक नजर टाकायची सवय झाली की निम्मा त्रास संपतो. एक चौकट काढली की साधन आपोआप निवडीवर परत जातं. कुलुपाचं चिन्ह दाबलं तर तेच साधन चालू राहतं. पंधरावीस वस्तूंचा आराखडा असेल तर मी एक्सकॅलिड्रॉ सुचवेन, त्याहून मोठा असेल तर ड्रॉ.आयओ, कारण आपोआप मांडणी तिथे चांगली आहे.

रेघ न काढता आकृती

ओढणं पूर्ण टाळायचं असेल तर मरमेड आहे. यात आकृती काढायची नाही, लिहायची. पहिल्या ओळीत हा फ्लोचार्ट आहे आणि वरून खाली जाणारा आहे एवढं रोमन अक्षरांत सांगायचं. मग प्रत्येक ओळीत एका वस्तूचं छोटं नाव, दोन आडव्या रेघा आणि मोठेपणाचं चिन्ह मिळून होणारा बाण (-->), आणि दुसऱ्या वस्तूचं नाव. चौकटीत दिसायचा मराठी मजकूर अवतरणचिन्हांत. विहिरीपासून मोटर, मोटरपासून फिल्टर अशा पंधरा ओळी लिहिल्या की चित्र आपोआप तयार. ड्रॉ.आयओच्या ‘इन्सर्ट’ मेन्यूत मरमेड घेण्याची सोय आहे, एक्सकॅलिड्रॉमध्येही आहे. तिथे लिहिलेला मजकूर चौकटी-रेघांत बदलतो आणि मग हवं तिथे हाताने डागडुजी करता येते.

याचा तोटा असा की कंस किंवा चिन्ह चुकलं तर चित्रच येत नाही, आणि फोनच्या कीबोर्डवर ही चिन्हं दोन पानं आत दडलेली असतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे एका दुपारीत जमतं. बाकीच्यांनी घरातल्या पोराला धरावं.

चौकटीत मराठी

फोनवर चौकटीत लिहायला लागलो की कीबोर्ड वर येतो आणि उरलेल्या जागेत चौकट दिसते न दिसते. फोन आडवा असेल तर काहीच दिसत नाही. म्हणून लिहिताना फोन उभा, पाहताना हवा तर आडवा. मराठीत बोलून टाइप करायची सोय इथे फार उपयोगी पडते, ‘तिसरा व्हॉल्व्ह, खालच्या बांधाकडचा’ असं बोललं की झालं.

देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने केलेल्या चौकटीत अक्षरं वर-खाली कापली जाऊ शकतात. चौकट थोडी उंच ठेवा. दुसरी गंमत म्हणजे एडिटरने दिलेल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं बहुधा नसतातच. त्यांच्या जागी फोन आपल्याकडचा मराठी फॉन्ट वापरतो. एक्सकॅलिड्रॉच्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये इंग्रजी हाताने लिहिल्यासारखं दिसतं आणि त्याच चौकटीतलं मराठी छापील दिसतं, ते यामुळेच. तीच फाइल कॉम्प्युटरवर उघडली की तिथला मराठी फॉन्ट निराळा असतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि फोनवर नीट बसलेला मजकूर चौकटीबाहेर येतो. चौकटीत दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली की हा प्रश्न मिटतो.

जतन करणं, पाठवणं

काम नाहीसं होतं ते बहुतेक इथेच. एक्सकॅलिड्रॉ आपलं काम ब्राउझरच्या साठ्यात ठेवतो. फोन हँग होतो म्हणून कोणी ब्राउझरचा डेटा साफ केला की आराखडा गेला. आयफोनवर सफारीचा आणखी एक नियम आहे: सफारी सात दिवस वापरलं आणि त्या काळात त्या साइटला हात लागला नाही, तर साइटने साठवलेली माहिती सफारी पुसून टाकतं. साइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तर हा नियम लागत नाही. काही असो, काम संपल्यावर फाइल स्वतंत्र जतन करायचीच.

ड्रॉ.आयओ फोनच्या ब्राउझरमध्ये फाइल ‘डिव्हाइस’वर जतन करतो तेव्हा बहुधा जुनीवर न लिहिता नवी प्रत डाउनलोड होते, कंसात एक, कंसात दोन असे आकडे लागत जातात. मग कोणती खरी, याचा पत्ता लागत नाही. गूगल ड्राइव्हवर जतन केलं तर एकच फाइल राहते.

घरच्यांना पाठवायला पीएनजी या प्रकारची चित्र-फाइल घ्या. एसव्हीजी हा दुसरा प्रकार कितीही मोठा केला तरी फाटत नाही हे खरं, पण ड्रॉ.आयओच्या एसव्हीजीमध्ये मजकूर अशा पद्धतीने ठेवलेला असतो की काही ठिकाणी अक्षरांऐवजी ‘टेक्स्ट इज नॉट एसव्हीजी’ असा निरोपच दिसतो. पीएनजी काढताना डायग्रामची प्रत आत ठेवण्याचा पर्याय निवडा. मग तेच चित्र पुन्हा ड्रॉ.आयओत उघडलं की चौकटी-रेघा सुट्या मिळतात, दुरुस्ती करता येते. मात्र व्हॉट्सअॅपवर ते फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं, बारीक अक्षरं पुसट होतात आणि आतली प्रतही निघून जाते.

छापून पंपघरात लावायचा असेल तर पीडीएफ घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जा आणि लॅमिनेशन करून घ्या. छापायच्या आधी एक तपासणी: कागदावर १२ पॉइंटचं अक्षर साधारण ४ मिलिमीटरचं असतं, ते बॅटरीच्या उजेडात वाचता येतं. फोनवर मोठं करून काढताना अक्षर मोठंच वाटतं आणि छापल्यावर मुंगीएवढं निघतं. त्यामुळे अक्षराचा आकार डोळ्यांनी नाही, पॅनेलमधल्या आकड्याने ठरवा.

पेन घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. नाशिकच्या एम. जी. रोडवर मिळणारा रबरी टोकाचा साधा पेन काचेला बोटासारखाच वाटतो. स्क्रीन झाकली जात नाही एवढाच फायदा, नेम काही सुधारत नाही. सॅमसंगच्या काही फोनबरोबर येणारा एस पेन निराळा. तो काचेपासून थोडा वर धरला तरी फोनला कळतो, म्हणजे माउसचा तो पहिला निरोप त्याला देता येतो. पण नुसत्या आराखड्यासाठी तसा फोन घेण्यात अर्थ नाही. घरात जुना यूएसबी माउस पडला असेल तर ओटीजीचं छोटं अडॅप्टर लावून तो अँड्रॉइड फोनला जोडा. स्क्रीनवर बाण येतो, आणि ज्या चार-दोन जागी ओढावंच लागतं ती कामं त्याने उरकून घेता येतात.

आराखड्याच्या कोपऱ्यात तारीख लिहा. छाटणीनंतर सबमेन बदलली, एखादा व्हॉल्व्ह बंद केला, की त्याच फाइलमध्ये दुरुस्ती करून नवी तारीख टाका आणि ग्रुपवरचं जुनं चित्र सगळ्यांसाठी डिलीट करता येत असेल तर करा. जुनी आणि नवी दोन्ही चित्रं फोनमध्ये राहिली, तर रात्रीच्या लाइटीला घरचे नेमकी जुनीच उघडतात.